गुरुजींचा पाचवा उद्गार : घोटीपुढच्या वाडीतले तीन दिवस

ठरलं होतं येवल्याला जायचं. लीनाला, म्हणजे माझ्या बायकोला, पैठणी 'नुसती बघायची' होती आणि नुसती बघण्याचा अर्थ संसारी वाचकांना मी सांगायला नको. ईस्टरच्या आधीची सुट्टी होती, सकाळची एसटीही बघून ठेवली होती. एवढ्यात बुधवारी संध्याकाळी सिस्टर ॲग्नेसचा फोन आला आणि आमची दिशाच बदलली.

सिस्टर घोटीच्या पुढे डोंगरातल्या एका वाडीवर कॅथलिकांचा छोटा दवाखाना सांभाळतात. त्याच वाडीत माझे मामा राहतात. शांतवन गुरुजी, वय एक्क्याऐंशी, निवृत्त प्राथमिक शिक्षक आणि तिथल्या जुन्या मिशन चर्चचे सगळ्यात ज्येष्ठ कारभारी. वाडी जेमतेम सत्तर घरांची. त्यातली निम्मी ख्रिस्ती आणि तेवढ्या घरांना प्रार्थनेच्या जागा तीन. मामांचं कौलारू मिशन चर्च, कॅथलिकांचं पांढरं चॅपल आणि पास्टर बाळूची पत्र्याची शेड. एकमेकांना भेटल्यावर मिशनवाले 'सलाम' म्हणतात, कॅथलिक 'जय येशू' म्हणतात आणि शेडवाले 'प्रेज द लॉर्ड'. नुसत्या रामरामावरून कोण कुठला ते कळतं.

"अरुणभाऊ, यंदा गुड फ्रायडेला तिघांची मिळून एकच उपासना करायचं चाललंय," सिस्टर म्हणाल्या. "फादर हो म्हणाले, पास्टर बाळू हो म्हणाले. फक्त गुरुजी नाही म्हणतात. ते आले नाहीत तर मिशनवाल्यांतलं एकही माणूस येणार नाही."

"मग मी काय करू?"

"तुम्ही या. भाच्याचं ऐकतील."

मामांनी जन्मात माझं काही ऐकलेलं नाही. पण हे सिस्टरना फोनवर कसं सांगणार? मी लीनाकडे बघितलं. ती 'येवला' म्हणेल अशी आशा होती. ती कपाटावरची बॅग काढत होती.

गुरुवारी सकाळी इंदिरानगरहून रिक्षाने महामार्ग बसस्थानक गाठलं. इगतपुरीकडे जाणारी कुठलीही एसटी घोटीला थांबते, तासाभराचा रस्ता आहे. लीनाला अर्धं तिकीट, मला पूर्ण, आणि ते ती प्रत्येक प्रवासात मला ऐकवते. वाडीवऱ्हे, गोंदे मागे पडलं की डोंगर जवळ येतात. उन्हाळ्यात ते करडे आणि उघडे दिसतात, पावसाळ्यातल्या फोटोंवर जाऊ नका. घोटीला उतरून आम्ही मिसळ खाल्ली. ज्यांना तांदूळ घ्यायचा त्यांनी परतीच्या वाटेवर घ्यावा, आधी घेतलात तर पुढे जीपमध्ये तो तुमच्याच मांडीवर बसतो.

पुढची वाट जीपची. दहा माणसं भरल्याशिवाय ती हलत नाही आणि दहा झाल्यावर आणखी चार घेते. माणशी चाळीस रुपये. शेवटची जीप पाचला, त्यानंतर पायी. मोहाची फुलं वेचायला निघालेल्या दोन बाया आमच्या पायाशी टोपल्या ठेवून बसल्या होत्या. एकीनं विचारलं, "कोणाकडं?" मी मामांचं नाव सांगितलं. ती हसली. "गुरुजी व्हय? लय कडक माणूस. पर खोटं नाय बोलत."

आता त्या कडक माणसाची गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

बाळू हा मामांचा विद्यार्थी. त्याच्या बाप्तिस्म्याला तान्ह्या बाळूला मामांनी हातावर धरलं होतं, त्याच्या विश्वासाची साक्ष आपण देऊ असं वचन दिलं होतं. मामा-मामींना मूल नव्हतं. बाळूला वाचायला मामांनी शिकवलं, पेटी मामांनी शिकवली, चर्चमध्ये पहिलं भजन त्याच्याकडून मामांनीच गाऊन घेतलं. तो चोविसाचा झाला आणि बाहेरून आलेल्या एका मंडळीबरोबर नदीवर जाऊन, पाण्यात बुडून, त्यानं दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला. लहानपणीचा बाप्तिस्मा त्या मंडळीत धरत नाहीत. मामांना वाटलं, म्हणजे माझ्या हातावर झालेलं सगळं खोटं. त्यांनी चर्चच्या रजिस्टरातून त्याचं नाव काढलं आणि भर सभेत सांगितलं, याच्या घरचं पाणी पिणार नाही. अठरा वर्षं झाली. मामी गेल्या तेव्हाही बाळू अंगणाबाहेर उभा होता.

जीपमधून उतरलो तेव्हा मामा दारातच होते. पांढरा लेंगा-सदरा, हातात काठी, नजर तीक्ष्ण. "सलाम, मामा," मी म्हणालो.

"सलाम. सिस्टरनं पाठवलं का?"

"नाही, सहज आलो."

"सहज. इथं सहज लाईटसुदा येत नाय." मग ते लीनाकडे वळले आणि एकदम मऊ झाले. "ये गं बाय, सावलीत बस. ऊन लय हाय."

जेवायला नागलीची भाकर, खुरासणीची चटणी आणि उडदाचं वरण होतं. सगळं त्यांनी स्वतः केलेलं. जेवण झाल्यावर हंड्यात पाणी बघितलं तर तळाला गेलेलं. मी म्हटलं, घेऊन येतो. वीस पावलांवर बाळूच्या दारात बोअरवेल आहे, एप्रिलमध्येही अर्धी वाडी तिथं भरते. मी हंडा घेऊन त्या बाजूला वळलो मात्र, मागून आवाज आला, "तिकडं नाय. विहिरीवर."

विहीर उतारावर, अर्धा किलोमीटर खाली. लीना आणि मी दोघांनी मिळून दोन हंडे आणले आणि मी वाटेत तीनदा बसलो. हा माणूस एक्क्याऐंशीव्या वर्षी रोज दोन खेपा करतो, छोट्या कॅनने का होईना. कौतुक वाटलं आणि रागही आला. इतका ताठा कशासाठी?

एक गोष्ट मात्र डोळ्यांत भरली. विहिरीची वाट मला आठवत होती ती निसरड्या मातीची होती. आता तिथं दगडी पायऱ्या होत्या, अगदी म्हाताऱ्या पायाला जमतील अशा ठेंगण्या, आणि कडेला धरायला लोखंडी पाइप. संध्याकाळी दवाखान्याच्या ओट्यावर मी सिस्टरना विचारलं, ग्रामपंचायतीनं केल्या का?

"बाळूनं," त्या हळूच म्हणाल्या. "दोन उन्हाळे लागले त्याला. गुरुजी दुपारी झोपले की एकटा दगड रचायचा. त्याच्या घरच्यांना वरच बोअरचं पाणी आहे, त्यांना विहिरीचं काय काम? पण गुरुजींना सांगू नका. त्या पायऱ्यांवरून उतरायचे नाहीत."

लीनानं माझ्याकडे बघितलं नाही, पदर डोळ्यांना लावून ती दुसरीकडे बघत राहिली.

त्याच ओट्यावर सहा वाजता बैठक होती. ज्यांना आमच्यातली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुड फ्रायडेला, आम्ही उत्तम शुक्रवार म्हणतो, दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून प्रभू सात वेळा बोलला. एकेका उद्गारावर एकेक जण उठून बोलतो. पहिला उद्गार क्षमेचा, पाचवा तहानेचा, सहावा सगळं पुरं झाल्याचा. आता क्षमेवर कुणीही अर्धा तास बोलू शकतो, आणि सहाव्याला आवाज चढवायला वाव असतो. तहानेवर बोलायला कुणाला काही सुचत नाही, म्हणून तो नेहमी नवशिक्याच्या गळ्यात पडतो. चर्चच्या राजकारणात किती गंमत असते ते या यादीवरून बघावं.

मामा बैठकीला आले होते, पण ओट्याच्या कडेला, उठून जायच्या तयारीत बसल्यासारखे. जागा बाळूच्या शेडमध्ये ठरली, कारण सगळे मावतील एवढी तीच. कॅथलिकांनी पहिला उद्गार मागितला. शेडवाल्यांनी पहिला आणि सातवा दोन्ही मागितले. मिशनचे एक काका म्हणाले, "सहावा गुरुजींचा. चाळीस वर्षं त्यांचाच हाय. तो हलनार नाय." लगेच शेडमधला एक तरुण म्हणाला, "आमच्या जागेत उपासना आन् मोठा उद्गार तुमचा?" मग आवाज चढले. सिस्टर कागदावर नावं लिहीत होत्या आणि खोडत होत्या.

बाळू मागे भिंतीला टेकून उभा होता. चाळिशी ओलांडलेला, दणकट, डोक्यावर विरळ केस. तो पहिल्यांदाच बोलला. "सहावा गुरुजींनाच द्या. मला काहीच नको. मी सतरंज्या टाकीन."

मामा काठीच्या मुठीकडे बघत होते. मग म्हणाले, "मला पाचवा लिहा."

सिस्टरची लेखणी थांबली. "पाचवा? तहानेचा?"

"तोच. आन् सहावा त्याला लिहा."

त्याला. नाव नाही घेतलं. बाळू पुढे आला, "नको गुरुजी, तो तुमचा हाय." मामा म्हणाले, "लिहा म्हनलं ना." मिशनचे काका म्हणाले, गुरुजींचा मान जाईल. शेडवाले म्हणाले, मग पहिला आम्हाला नको, कॅथलिकांना द्या. सिस्टरनी कागद मांडीवर आपटला. "मघाशी घेण्यावरून भांडत होता, आता देण्यावरून. थोडी कॉफी घ्या सगळे." तेव्हा कुठे लोक हसले.

परत येताना उजेड सरत होता. मी मामांचा हात धरला होता, तो त्यांनी सोडवून घेतला नाही. "मामा, येणार म्हणजे येणार ना उद्या?" मी विचारलं.

"येनार." दहा पावलं गेल्यावर ते थांबले. "त्या विहिरीच्या पायऱ्या कोनी केल्या, मला म्हाईत हाय."

मी गडबडलो. "कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी त्याला भूमिती शिकवलेली हाय. उंची सगळ्या पायऱ्यांची एकसारखी. दुसरं कोन करनार इथं?" मग म्हणाले, "दोन वर्षं उतरतोय त्यावरून. पाय त्याच्या दगडावर, आन् त्वांड त्याच्याकडं नाय."

शुक्रवारी सकाळी वाडी शांत होती. मामा या दिवशी निर्जळी उपास करतात. पन्नास वर्षं, तीन वाजेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. भर चर्चमध्ये पाणी प्यायलेल्या मोठमोठ्या माणसांना त्यांनी सगळ्यांदेखत बोललेलं मी लहानपणी ऐकलंय. मी त्यांना म्हटलं, ऊन फार आहे, वय झालंय, घोटभर घ्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी माझ्याही हातातला ग्लास खाली ठेवला.

बाराला दहा कमी असताना आम्ही शेडपाशी पोचलो. पत्र्यावर आंब्याचे टहाळे टाकले होते, तरी आत भट्टी होती. दाराशी ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ. मामा उंबऱ्याशी थांबले. अठरा वर्षांत या दारातून ते आत गेले नव्हते. मिशनची सगळी माणसं त्यांच्या मागे थांबली. मग त्यांनी चपला काढल्या, कडेला नीट जोडून ठेवल्या आणि आत गेले. मागून सगळे गेले.

एकीकडे कॅथलिक बाया, मधे शेडवाले, भिंतीकडे मिशन. पहिलं भजन सुरू झालं आणि तिघांच्या चाली तीन निघाल्या. दुसऱ्या कडव्याला कॅथलिक बायांत बसलेल्या लीनानं आपला आवाज खाली आणला आणि ती मिशनच्या चालीत गाऊ लागली. मग सिस्टरही. चौथ्या कडव्यापर्यंत कसंबसं सगळे एका जागी आले. सुरेल होतं असं म्हणणार नाही.

पहिले चार उद्गार झाले. लांबलेच. लहान मुलं पेंगली, घामानं सदरे चिकटले. पावणेदोनला मामा उठले. चार पावलं चालून पुढे गेले आणि काठी टेबलाला टेकवून ठेवली.

"मी आज भाषन करनार नाय," ते म्हणाले. "मी पन्नास वर्षं या दिवशी पानी पिलो नाय, तुमाला सगळ्यांना म्हाईत हाय. म्हाईत हाय, कारन मीच सांगितलंय. त्याचा मला लय गर्व हाय."

मामांनी एक हात टेबलावर टेकवला.

"प्रभूला तहान लागली तव्हा त्यानं सांगितलं. कोनाला? ज्यांनी खिळे ठोकले त्यांना. देव असून मागितलं. आन् मी मास्तर मानूस, मला मागता आलं नाय. माझ्या दारापासून वीस पावलांवर पानी हाय, माझ्याच पोराच्या घरचं. अठरा वर्षं मी तहानेला हाय."

मग त्यांनी शेडभर नजर फिरवली आणि मागे सतरंजीच्या कडेला बसलेल्या माणसावर ती थांबली.

"बाळू, पानी दे."

बाळूला कळायलाच वेळ लागला. घड्याळात दोनसुद्धा वाजले नव्हते आणि गुरुजींचा उपास तीनला सुटायचा. तो उठला, माठाकडे गेला, पहिला तांब्या त्याच्या हातून सांडला. दुसरा भरून दोन्ही हातांत धरून तो आला. मामा तो तिथंच, सगळ्यांसमोर, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं, त्यांनी पुसलं नाही. रिकामा तांब्या परत देताना त्यांनी बाळूचं मनगट धरलं आणि धरूनच खाली बसले. बाळूलाही मग बसावं लागलं, मिशनच्या माणसांमध्ये, भिंतीला.

मी रडलो, यात लपवण्यासारखं काही नाही.

सहावा उद्गार बाळूचा होता. सिस्टरनी दोनदा नाव घेतलं. तो उभा राहिला, तोंड उघडलं, मिटलं. "गुरुजींनी सांगितलं," एवढंच म्हणाला आणि बसला. चाळीस वर्षांत सहावा उद्गार इतक्या लवकर आटोपला नसेल.

तीननंतर नागलीची आंबील वाटली. फादर पलीकडच्या गावाहून आले आणि कॅथलिक त्यांच्या चॅपलमध्ये स्वतःच्या विधीला गेले, शेडवाल्यांनी ढोलकी काढली, मिशनवाले घरी गेले. एका दुपारीत तीन चर्चचं एक झालं असं समजू नका. संध्याकाळी मामा बाळूच्या ओट्यावर चहा पिताना त्याला सांगत होते, "नदीत बुडून घेतलेलं मला अजून पटत नाय, हे ध्यानात ठेव." बाळू म्हणाला, "बरं गुरुजी." मग मामा म्हणाले, "ढोलकी जरा हळू वाजवत जा. आन् मी गेल्यावर मातीची प्रार्थना तू करायची. फादर आन् आमच्या चर्चचे पाळकसाहेब बी असतील, पर कोन आधी, कोन मागून यावरनं भांडू नका. मी मागं बसून ऐकेन." बाळू उठून आत गेला आणि बऱ्याच वेळानं बाहेर आला.

शनिवारी सकाळच्या जीपने निघालो. ज्यांना या भागात जायचंय त्यांनी स्वतःचं पाणी सोबत न्यावं, एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर ते फार कष्टाचं असतं. राहायची सोय घोटीतच बघावी. मोबाइलला रेंज टेकडीवरच्या एका खडकावर येते, तिथं रांग असते. घोटीत आम्ही दहा किलो इंद्रायणी तांदूळ घेतला आणि दुपारी एकला इंदिरानगरला घरात होतो. येवला राहिलं ते राहिलंच. लीनानं एकदाही विषय काढला नाही, हे मला जरा संशयास्पद वाटतंय.

दुसऱ्या दिवशी ईस्टर. माझी पहाटेची उपासना आटोपून मी लीनाला स्कूटरवरून मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, घेऊन गेलो. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. ती कॅथलिक, मी मिशनचा. सव्वीस वर्षं मी तिला तिच्या चर्चच्या फाटकापर्यंत सोडतो आणि समोरच्या टपरीवर पेपर वाचत बसतो. भांडण काही नाही. आत जायचं कधी मनातच आलं नाही, एवढंच. या वेळी मी स्कूटर स्टँडला लावली. ती थांबून बघत राहिली. "चल," मी म्हणालो.

मिस्सा सुंदर होती, पण मधेमधे कधी उभं राहायचं आणि कधी गुडघे टेकायचे याचा माझा गोंधळ उडाला. मग प्रसाद घ्यायची वेळ आली. आमच्या माणसांना तो तिथं घेता येत नाही, नियम मला माहीत आहे. सगळं चर्च उठलं, रांगा लागल्या. मी पाय आत ओढून घेतले आणि बाकावरच्या लोकांना वाट करून दिली. बायका, म्हातारे, पोरंटोरं माझ्या गुडघ्यांना घासून पुढे गेली आणि त्या लांबलचक बाकावर मी एकटा उरलो. कुठे बघावं कळेना. हात कुठे ठेवावेत कळेना. सगळे मायेनं वागत होते, तरी आपण बाहेरचे आहोत हे इतकं स्वच्छ मला कधी जाणवलं नव्हतं.

लीना परत आली आणि शेजारी गुडघे टेकून डोळे मिटून बसली. मी तिच्याकडे बघत राहिलो. आमच्या चर्चमध्ये दर नाताळाला प्रभूभोजन असतं आणि लीना दर नाताळाला माझ्याबरोबर येते. मी उठतो, पुढे जातो, भाकर आणि द्राक्षारस घेऊन परत येतो. तोपर्यंत ती बाकावर एकटी बसलेली असते. सव्वीस नाताळ. मी परत आलो की ती जरा सरकून मला जागा करून द्यायची.

तिनं डोळे उघडले तेव्हा मी सरकून जागा केली.